निखिलच्या गोष्टीबद्दल

दादर, मुंबई

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कालप्रवासाच्या गोष्टीचा खर्डा वाचला. निखिल मागे 26 जुलै 2005 ला, मुंबई पाण्यात बुडाली त्या दिवशी जातो, मामाला ‘आज ऑफिसातून निघू नकोस’ म्हणून सांगायला. इथवर गोष्ट पकडून ठेवते. पुढे मात्र दर वेळी नियती आडवी येते: पाय घसरतो, दार आपोआप लागतं, ऐन वेळी फोनवर वाचा बसते. तिन्ही प्रसंग काढ. सटवाईने लिहिलं ते टळत नाही म्हणून मोकळं होणं लेखकाला परवडत नाही. भूतकाळ बदलत नाही एवढंच तुझं गृहीत आहे. निखिलचे हातपाय कुणी बांधलेले नाहीत.

तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1976 च्या निबंधात हा फरक छान सोडवला आहे. नातू 1921 मध्ये जाऊन आजोबांवर बंदूक रोखतो. बंदूक उत्तम, नेम पक्का. म्हणजे मारणं त्याला शक्य आहे. पण आजोबा 1957 पर्यंत जगले, तेव्हा त्याने मारलं नाही हेही पक्कं. का? कसला तरी आवाज झाला, नेम चुकला, नाहीतर धीर सुटला. कारण साधंच असतं, रोजच्या जगातलं.

तुला तर असं कारण आयतं मिळतंय. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73. निखिलला कुलाब्यात उतरव. दुपारी तो टपरीवरच्या एक रुपयावाल्या फोनवरून मामाच्या घरी फोन लावतो. मामी उचलते, ‘हॅलो, हॅलो’ करते. नाणं पडल्याशिवाय त्याचा आवाज पलीकडे जात नाही, आणि खिशातला रुपया 2011 नंतरचा: 22 मिलिमीटरचा. पेटीला जुना, 25 मिलिमीटरचा लागतो. नाणं खळ्ळकन खाली येतं. टपरीवाल्याकडे सुटे मागावे, तर हातात दोनशेची नोट, जी 2017 साली आली! तो ती उलटीपालटी करून परत देतो. इथे नियतीची गरजच उरत नाही.

आता या फोनची पेरणी पहिल्या दोन पानांत कर. मामी बोलता बोलता सांगते, त्या दुपारी एक ब्लँक कॉल आला होता, मेला कोण होता कोण जाणे. निखिल तिथे जे करेल त्याचा माग तो निघण्याआधीच्या पानांवर हवा, आणि लोकांनी त्याचा अर्थ चुकीचा लावलेला हवा. निखिललाही अर्धवटच माहीत हवं. कंसाला आकाशवाणीने आठवा मुलगा सांगितला, तो गोकुळात वाढेल हे नाही सांगितलं. पुढचं सगळं त्याने आपल्याच डोक्याने केलं.

चार्ट पेपर आडवा घे. वरची रेघ जगाच्या घड्याळाची, खालची निखिलच्या मनगटावरची. प्रत्येक प्रसंग दोन्हींवर मांडून जोड. वरच्या रेघेवर फोन एकदाच येतो, जरी तू तो दोनदा सांगणार असलीस तरी. दोन्हीकडे मामीचे शब्द तेच ठेव. खर्ड्यात एकदा ती ‘कोण बोलतंय?’ विचारते, एकदा नाही. अशा कथा बहुतेक इथेच फसतात.

पदार्थविज्ञानातही हीच अडचण निघाली होती. जोसेफ पोलचिन्स्की यांनी विचारलं: वर्महोलमधून, म्हणजे अवकाश-काळातल्या बोगद्यातून, भूतकाळात बाहेर पडलेला बिलियर्डचा चेंडू स्वतःलाच धडकला आणि आत जायचाच राहिला तर? एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि किप थॉर्न यांनी 1991 मध्ये दाखवलं की ओझरता धक्का चालतो. चेंडू थोडा वळतो, तरी आत शिरतो, आणि त्या वळल्यामुळेच बाहेर येऊन ओझरताच धक्का देतो. गंमत म्हणजे सुरुवात तीच ठेवूनही अशी असंख्य उत्तरं निघतात. म्हणजे घडलेलं बदलायचं नाही हा सुसंगतीचा नियम पाळूनही तुला हवी तेवढी मोकळीक आहे. मामी त्या कॉलसाठी उठली म्हणून दूध उतू गेलं, एवढंही पुरेल.

डायरीचं प्रकरण तपास. म्हातारा निखिल तीच वही तरुण निखिलला देतो, तो वीस वर्षं वापरून मागे नेतो. मग ती दर फेरीला वीस वर्षांनी जुनी व्हायला हवी आणि तरी तीच राहायला हवी, जमणार नाही. कुणीतरी नव्या वहीत उतरवून घेऊ दे. मजकूर मूळ कुणी लिहिला हा प्रश्न उरतो, तो उरू दे.

शेवटी ‘दुसऱ्या जगात मामा वाचतो’ हे नको. जग फुटून दोन होणार असतील तर ते पहिल्या पानापासून हवं. आणि तसं केलंस तरी या जगातली मामी वाट बघतच राहते.

किरकोळ दुरुस्त्या: संध्याकाळी सहाला निखिल सीएसटीहून कुर्ल्याची लोकल पकडतो. तोवर गाड्या बंद पडल्या होत्या. आणि तू रविवार लिहिलायस. 26 जुलैला मंगळवार होता. रविवारी मामा ऑफिसला कशाला जाईल?

तुझा,
बाबा