आधी जाळी तपासा, मग बीज सोडा

उजनी जलाशयात मत्स्यबीज सोडणार असल्याची बातमी वाचली. निर्णय स्वागतार्ह, पण बारीक आसाची (छिद्रांची) जाळी पाण्यात राहिली तर सारे बीज वाया जाईल. कटला, रोहू हे मासे साधारण दुसऱ्या वर्षाअखेरीस प्रजननक्षम होतात. बोटाएवढी पिल्लेच उपसली तर ती वेळ येतच नाही. चिलापी (तिलापिया) मात्र काही महिन्यांत वयात येते, अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा पिल्ले देते. रिकामी जागा तीच व्यापते आणि गर्दीत खुरटते. तिची पिल्ले खाणारा मरळ मासाही जपायला हवा. तांबूस पिल्लांच्या थव्याखाली राखण करणारी त्याची जोडी पकडली, की अख्खी वीण जाते. जून ते ऑगस्ट या विणीच्या काळात मासेमारी थांबवावी, मच्छीमारांना त्या काळाचा भत्ता द्यावाच, आणि नंतर किमान १०० मिमीची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडावी.

– एक मत्स्य अभ्यासक, इंदापूर