अक्का, आभाराच्या पानावर तुमचं नाव राहिलं

प्रिय अक्का,

हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. मराठी तुम्ही माझ्याइतकीच बोलता, पण वाचता कन्नड. नातवाला शाळेत हिंदी आहे, त्याला अक्षरं लागतील. त्यालाच जवळ बसवा.

एमपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा, माझा प्रबंध बांधून आला त्या रात्री मी आभाराचं पान पुन्हा काढून वाचलं. गाईड, विभागप्रमुख, संख्याशास्त्राचे सर, आई-बाबा, रूममेट, सगळे होते. ओपीडीतल्या आयाबाई, म्हणजे तुम्ही, कुठंच नव्हता. ते पान फार तर चार जणांनी वाचलं असेल, पण मला ते अजून बोचतं. म्हणून हे उघड पत्र.

मी जांबोटीची. माझं कन्नड म्हणजे बसमधलं आणि बाजारातलं. त्याआधीची पदवी, बीपीटी, कोल्हापुरात झाली, तिथं भाषेची अडचण कधी आलीच नाही. बेळगावात आले तर बाकावर उचगाव, येळ्ळूरच्या बायकांशेजारी बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाकची माणसं बसलेली. हाडं, स्नायू आणि सांध्यांचं दुखणं हाच विषय मी घेतला होता. आणि दुखणं काय आहे हेच मला ऐकता येत नव्हतं.

सौंदत्तीची ती पन्नाशीची बाई तुम्हाला आठवते का? उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. 'काल नोव', पाय दुखतोय, एवढं मला कळलं. एक्स-रेत गुडघ्यातली फट कमी झालेली दिसत होती. मी असेसमेंट शीटवर गुडघ्याची झीज लिहून टाकलं आणि टॉवेलची गुंडाळी तिच्या गुडघ्याखाली सरकवली. तुम्ही शेजारच्या कॉटवर चादर बदलत होता. तिथूनच तुम्ही तिला विचारलंत, "नोव ऐतेन, जोम ऐतेन?" दुखतंय, की मुंग्या येतायत?

बाईचा हात गुडघ्यावरून उठला. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीवरून, पावलाच्या बाहेरच्या कडेनं तो थेट पायाच्या करंगळीपर्यंत गेला. "सेळीतैती," ती म्हणाली. तुम्ही माझ्याकडं वळलात. "कमरेपास्नं वढतंय म्हणते बघा म्याडम. करंगळीत मुंग्या हाईत."

मी तिला उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलला. चाळीसएक अंशांवर तिनं कॉटची कड घट्ट धरली. मग टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारून पाहिली. डावं पाऊल उडालं, उजवं गप्प राहिलं. कमरेखालच्या पहिल्या त्रिकास्थी नसेच्या मुळाशी दाब आहे, हे सांगायला एवढं पुरेसं होतं. एक्स-रेतली झीज खोटी नव्हती. पण त्या वयात तशी झीज असलेले कितीतरी गुडघे मुळीच दुखत नाहीत. मी शीट फाडून नवीन घेतलं. व्यायाम बदलले, आणि पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर एक दिवसही न थांबता दवाखाना गाठायचा, हेही तिला तुमच्याच तोंडून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी वही घातली. मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत. परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते, पण ते सगळे इंग्रजी. माझ्या वहीत एका बाजूला आपले शब्द आले: ठणका, कळ, चमक, उसण, ओढ, मुंग्या, शिणवटा, आखडणं. दुसऱ्या बाजूला तुमचे: नोव म्हणजे दुखणं, जोम म्हणजे मुंग्या, उरी म्हणजे आग, सेळत म्हणजे ओढ, हिडकोंडैती म्हणजे धरलंय. 'उरी' म्हटलं की मी आता आधी साखरेचं विचारते. 'हिडकोंडैती' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्नायू आखडून आलेला असतो, आणि 'जोम' म्हटलं की मी नस तपासल्याशिवाय सोडत नाही. शब्दावरून निदान होत नाही, हात लावावाच लागतो. पण हात कुठं लावायचा हे शब्दच सांगतो.

खांद्याचंही तसंच. गोठलेला खांदा आम्ही गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनानं, मोजतो. हात बाहेर किती वळतो, बाजूनं किती उचलतो, मागं किती जातो. तुम्ही विचारायचात, "अंबाडा कोण घालतंय तुझा?" लेक घालते म्हटलं की हात बाहेर वळत नाही हे कळलंच. मागं पदर खोचता येत नसेल तर आत वळणंही गेलं. मी अंश लिहायची, पण बाईचे डोळे तुमच्या प्रश्नाला भरून यायचे.

माझा प्रबंध गुडघ्यावर होता, झिजलेल्या सांध्यांसाठीच्या वोमॅक प्रश्नावलीवर. कॅनडात तयार झालेली. 24 प्रश्न: वेदनेचे 5, ताठरपणाचे 2, कामाचे 17. त्यांत मोजे घालण्याचं आहे, मोटारीत चढण्या-उतरण्याचं आहे, आंघोळीच्या टबाचं आहे. मोज्यांचा प्रश्न ऐकून अनगोळची आजी माझ्याकडं बघतच राहिली. तुम्ही हळूच म्हणालात, "चुलीफुडं बसून भाकरी हुतेत काय, उठताना काय धरतीस, ते इचार की." प्रश्नावलीत फेरफार करायची मुभा नव्हती, गुण तिचेच मोजायचे होते. पण कागदाच्या मागं मी तुमचे दोन प्रश्न प्रत्येकीला विचारून लिहून घेतले. माझ्या मते त्या प्रबंधातलं सगळ्यात खरं लिखाण त्या मागच्या बाजूंवर आहे.

हॉट पॅकचं एक सांगायलाच हवं. टॉवेलच्या घड्या मोजून लावणं, पाच मिनिटांनी उचलून कातडी बघणं, हे आम्हाला शिकवलेलंच होतं. गर्दीत राहून जायचं. तुमच्याकडून कधी राहिलं नाही. साखर असलेल्या माणसाच्या पायावर आधी बोट टेकवून तुम्ही विचारायचात, लागतंय का? नाही म्हणाला की पॅक परत गरम पाण्याच्या टाकीत. आम्हा शिकणाऱ्यांपैकी कुणी घाई केली तर तुम्ही ओरडला नाहीत, नुसत्या मध्ये उभ्या राहिलात.

पहिले सहा महिने तुम्ही मला म्याडम म्हणालात. मग एका दुपारी डबा उघडताना 'तंगी', धाकटी बहीण, म्हणालात. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला ते सांगितलं होतं.

आता खानापुरात एक खोली घेऊन मी काम सुरू केलंय. विटाभट्टीवरची माणसं येतात, भाताची लावणी संपली की कमरा धरून बायका येतात. मराठी बायकांचे व्यायाम मोजतानाही माझ्या तोंडून ओंदु, एरडु, मूरु निघतं. हत्तुपर्यंत, दहापर्यंत, गुडघा दाबून धरायचा, हे तुमच्या आवाजात कानात बसलंय.

वहीचं शेवटचं पान कोरं होतं. गेल्या आठवड्यात कित्तूरकडची एक म्हातारी खांद्याला हात लावून काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. सून सोबत होती, तिलाही नीट सांगता येईना. ऐकलं तसं लिहून ठेवलंय. मंगळवारी दुपारी वही घेऊन येते. चहा ठेवा.

तुमची,
तंगी