एकाच मागावरची दोन कामे

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

कलाकृती विणायच्या की वापराचे कापड घडवायचे, यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल, अशी काळजी तुझ्या पत्रातून जाणवली. म्हणून आज विणकर-कलावंत अ‍ॅनी अल्बर्स यांच्याविषयी सविस्तर लिहिते, कारण त्यांनी ही दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने केली.

बर्लिनमध्ये १८९९ साली जन्मलेल्या अ‍ॅनी १९२२ मध्ये वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. तेथे मुलींना बहुधा विणकामाकडेच वळवले जात असे, आणि अ‍ॅनीही काहीशा नाखुशीनेच मागावर बसल्या. पुढे १९३० च्या पदविकेसाठी त्यांनी बेर्नाऊ येथील कामगार संघटनांच्या शाळेतील सभागृहाकरिता भिंतीवर लावायचे कापड विणले. त्याच्या दर्शनी बाजूस सेलोफेन, म्हणजे चकचकीत पारदर्शक पापुद्रा, होते, त्यामुळे प्रकाश परावर्तित होई. मागच्या बाजूस शनीलचा लवदार धागा होता, तो आवाज शोषून घेई. सभागृहातील आवाज घुमण्याची अडचण एका विणकरणीने धाग्यांची निवड आणि वीण यांच्या बळावर सोडवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे कापड म्हणजे वास्तुकला की विणकाम, असा प्रश्न तेथे उरतच नाही.

नाझी राजवटीत १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडले आणि पती योझेफ यांच्यासह त्या अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात गेल्या. मेक्सिकोतील प्राचीन दागिने पाहिल्यानंतर त्यांनी एका विद्यार्थ्याच्या सोबतीने मोरीची जाळी आणि कागदाला लावायच्या क्लिपा यांपासून हार केले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४९ मध्ये त्यांचे एकल प्रदर्शन भरवले. वस्त्रकलावंताला तेथे असा मान प्रथमच मिळत होता.

त्यांची सर्वांत गंभीर कृती मात्र पुढची आहे. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ १९६० च्या दशकात त्यांनी सहा उभे पट विणले. काळ्या, पांढऱ्या आणि चंदेरी धाग्यांच्या वळणदार रेषा त्यांत अशा फिरतात की, वाचता न येणारी लिपीच समोर असावी.

तू सध्या विणत असलेल्या नमुन्यात उभे आणि आडवे धागे कोणते घेतलेस आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींहून कशा वेगळ्या दिसतात, ते पुढच्या पत्रात अवश्य लिही.

तुझी,
आई