चिठी

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

आई जाऊन आज सव्वा महिना झाला. दिवसकार्य आटोपल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा लुगड्यांच्या तळाशी, माझ्या लहानपणीच्या कुंचीत गुंडाळून ठेवलेले एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर फेब्रुवारी १९९६ चा शिक्का आहे आणि अक्षर आपले आहे. माझ्या निबंधांच्या समासात तांबड्या शाईत तेच अक्षर दहावी संपेपर्यंत वाचत आल्यामुळे ते ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. आपण माझ्या आईला पत्र लिहिले होते हे मला आजवर ठाऊक नव्हते. तिने सांगितले नाही आणि आपणही कधी तसे भासवले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि त्या वसतिगृहात माझ्याबरोबर राहिलेल्या मुलांनीही ते वाचावे या इच्छेने उघडपणे लिहीत आहे.

मंगळवेढा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून, ज्वारीवर जगणाऱ्या घरातून, मी सहावीला सातारा जिल्ह्यातल्या त्या निवासी शाळेत आलो. पहाटे साडेपाचची शिट्टी, पावसात भिजत होणारी पीटी, दिवसातून चार वेळा हजेरी, रात्री नऊला दिवे बंद. या कशाचीही माझी आज तक्रार नाही. मुलगा शिकावा म्हणून आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून पाठवले होते आणि शिस्तीने माझे काही वाकडे झाले नाही.

वाकडे झाले ते पत्रांमुळे. आपल्या आधीच्या हाउस मास्तरांचा नियम होता की मुलांची पत्रे फोडून, वाचून, मगच वाटायची, आणि ज्याला शिक्षा झाली असेल त्याचे पत्र शिक्षा संपेपर्यंत कपाटात ठेवायचे. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही, पण त्यांनी केले ते लिहिणार आहे. त्या वर्षी आमच्या गावात साक्षरता अभियानाचे वर्ग सुरू झाले होते. शेजारची बारावी झालेली मुलगी रात्री कंदिलापाशी बायकांना शिकवीत असे. तीन पुस्तिकांपैकी पहिली संपताच, जोडाक्षरांपर्यंत पोहोचण्याआधीच, आईने मला स्वतःच्या हाताने पहिले पत्र लिहिले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी लिहिलेले तिच्या आयुष्यातले ते पहिले पत्र. ऑगस्ट १९९५ मधल्या एका सकाळी, प्रार्थना झाल्यावर, हाउस मास्तरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले. ‘मराठी कशी लिहू नये’ याचा नमुना म्हणून वाचले. प्रत्येक चुकीच्या वेलांटीवर थांबत, ‘तु जेवन करतो का’ हे वाक्य दोनदा म्हणत वाचले. मैदानावरची तीनशे मुले हसली.

सर, मीही हसलो. हसलो नाही तर पत्र माझ्या आईचे आहे हे कळेल, या भीतीने हसलो. ते सर्वांना कळलेलेच होते. त्याच आठवड्यात मी घरी लिहिले की तू लिहीत जाऊ नकोस, दादाकडून लिहवून घेत जा. तिने तसे केले आणि वही-पुस्तिका उतरंडीमागे ठेवून दिली, हे मला पुष्कळ वर्षांनी वहिनीने सांगितले.

त्यानंतरचा मी कसा होतो हे आपण येण्यापूर्वीच आपल्या कानावर गेले असेल. प्रार्थनेला तोंड मिटून उभा राहिलो, सहामाहीला मराठीचा पेपर कोरा दिला, डॉर्मिटरीतले बल्ब फोडले, भिंतीवरून उड्या मारल्या. वडिलांना दोनदा बोलावण्यात आले आणि दोन्ही वेळा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, पागोटे हातात घेऊन, त्यांना तासभर उभे ठेवण्यात आले. वयात आलेला मुलगा, संगत वाईट, छडी कमी पडली, अशी कारणे मोठ्या माणसांनी आपसांत ठरवून टाकली. मुलगा ऑगस्टपर्यंत बरा होता, मग त्याला झाले काय, असे त्या पाच महिन्यांत एकाही शिक्षकाने मला विचारले नाही. त्यांतले दोघेतिघे त्या सकाळी मैदानावर होते आणि त्यांनी आपली नजर जमिनीकडे वळवली होती, हे मी विसरलेलो नाही. त्या दिवसांत माझ्याशी माणसासारखे वागले ते मेसमधले मामा. शिक्षा भोगून उशिरा आलेल्या मुलासाठी ते ताटावर ताट झाकून आमटी बाजूला ठेवत आणि कशाबद्दलही एक शब्द न काढता वाढत.

जानेवारीत आपण आलात. आपणही कडकच होतात. १३ मार्च १९९६ च्या संध्याकाळी आम्ही सहा जण भिंत ओलांडून एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर विश्वचषकाचा उपांत्य सामना पाहायला गेलो. एक बाद ९८ वरून भारताची आठ बाद १२० अशी घसरगुंडी झाली, ईडन गार्डन्सवर लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर पडला. आम्हीही रडवेले होऊन परतलो, तर आपण वसतिगृहाच्या पायरीवर बॅटरी घेऊन बसलेले. आपण हात उगारला नाहीत, पण महिनाभराचे रविवार गेले. झाडांची आळी खणायची शिक्षा मिळाली आणि ती आपण एक दिवसही माफ केली नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या अभ्यासानंतर आपण मला खोलीत बोलावलेत. टेबलावर निळे आंतर्देशीय पत्र होते. मी ते पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण पत्त्यावरचे अक्षर दादाचे नव्हते. प्रत्येक अक्षर सुटे, डोक्यावरची रेघ जाड आणि जराशी चढती. पत्र बंद होते. त्या शाळेत चार वर्षांत मी बंद पत्र पाहिलेच नव्हते. तिन्ही कडांना, डिंकावर भरवसा नसल्यामुळे, आईने ज्वारीच्या पिठाची खळ लावली होती आणि ती वाळून पांढरी पापडी धरली होती. आपण म्हणालात, “शिक्षा तुला आहे, तुझ्या आईला नाही.” मग स्टीलची पट्टी पुढे सरकवलीत, “कडेनं काप, नाहीतर आतली ओळ फाटते” एवढे सांगितलेत, आणि स्वतःच्याच खोलीतून बाहेर जाऊन दार ओढून घेतलेत. आत चार ओळी होत्या. शेळीला दोन करडे झाली होती. मी बरा आहे का, जेवतो का, असे विचारले होते. मी तिथे बराच वेळ बसलो आणि आपण बराच वेळ आला नाहीत.

इतकी वर्षे मला वाटत होते की आपले उपकार ते एवढेच, आणि तेही थोडे नव्हते. आईने पुन्हा लिहायला का घेतले हे मी तिला कधी विचारले नाही. त्याचे उत्तर आता हातात आहे. आपल्या कार्डावर बोटभर उंचीची, मोकळी सोडलेली, देवनागरीची पहिली पुस्तिका वाचणाऱ्याला लागतील अशी अक्षरे आहेत: ‘ताई, मुलगा बरा आहे. तो तुमची आठवण काढतो. चिठी आईने हाताने लिहावी. इथे ती कोणी उघडत नाही.’ हे मी चार-पाच वेळा वाचले आणि मग लक्षात आले की त्यात एकही जोडाक्षर नाही. ‘पत्र’ नाही, ‘तुमच्या’ नाही, ‘नमस्कार’सुद्धा नाही. आणि ज्यांनी एका चुकीच्या वेलांटीसाठी माझा अर्धा गुण कापला, त्या मराठीच्या शिक्षकांनी ‘चिठ्ठी’तला अर्धा ठ काढून टाकून ‘चिठी’ लिहिली आहे. मैदानावरचा तो प्रसंग मुलांपैकीच कोणीतरी आपल्या कानावर घातला असणार. तो ऐकून मुलाला जवळ घेणारे, समजावणारे लोक असतात. तिकडे दूर गावी एक बाई लिहायचे थांबली असेल, आणि तिला कोणाकडूनही वाचून न घेता स्वतः वाचता येईल असे काही पाठवले पाहिजे, हे आपल्याला सुचले. सभ्यपणा यालाच म्हणत असावेत. मोठ्या पदावरच्या पुष्कळ माणसांत मी तो शोधला आणि फार थोड्यांत सापडला.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तोवर आमच्या तुकडीला शाळा सोडून तेरा वर्षे झाली होती. त्या कायद्याचे मी मनापासून स्वागत केले, पण आपल्याला त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

आईने नंतर तिन्ही पुस्तिका पूर्ण केल्या. बचत गटाच्या वहीत ती सही करीत असे, अंगठा नाही. माझ्या दहावीच्या परीक्षेआधी आलेल्या पत्रात तिने पहिल्यांदा ‘चिठ्ठी’ असे पूर्ण लिहिले होते, अर्ध्या ठ सकट. तिची सगळी पत्रे मी पुन्हा काढून पाहिली. १९९५ चे ते एक पत्र मधोमध फाटलेले आहे. बाकीची सत्तावीस कडेने कापलेली आहेत.

मे महिन्यात मी वडिलांना घेऊन आपल्याकडे येतो आहे. घरच्या ज्वारीचे पोते बरोबर आणीन, त्याला नाही म्हणू नये. हेच पत्र हाताने लिहून टपालानेही पाठवले आहे. वहिनीने त्याला खळ लावली आहे. कडेनं कापावे.

आपला विद्यार्थी,
नववी, १९९५-९६