चाचा, या कार्डाची सुलटी बाजू कुठली?

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘राहू दे की ताई’ म्हणता आणि चहा सांगता. म्हणून हे उघडं पत्र. नात वाचून दाखवेल तेव्हा ऐकावंच लागेल.

ऑगस्ट 2019. आप्पा, माझे वडील, जाऊन सहा महिने झाले होते. सांगलीच्या गावभागातल्या घरात त्यांच्या टिपणांच्या कार्डांचे खोके आम्ही 2005 च्या पुराच्या खुणेपेक्षा दोन फूट उंच फळीवर चढवले आणि निर्धास्तपणे आत्याकडे गेलो. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलं. परतलो तर खोक्यांच्या जागी चिखलाच्या विटा. चार जणांनी सांगितलं, ट्रॉलीत टाका. तुम्ही मिरजेहून आलात, एक वीट हातात घेऊन वास घेतलात आणि म्हणालात, ‘बुरशी धरायच्या आत न्यायला पायजेत. उन्हात घालू नका.’ मी नेमकी उन्हातच मांडायला निघाले होते.

पुढचा महिनाभर तुमच्या बाइंडिंगच्या दुकानात दुसरं काम झालं नाही. पंख्याखाली दोऱ्या, दोन कार्डांमध्ये कोरा कागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते, असं म्हणून तुम्ही मी आणलेला गठ्ठा परत पाठवलात. चिकटलेली कार्डं प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं सोडवायची, चिखल ओला असताना घासायचा नाही. पेनाचं लिखाण निळं पाणी होऊन गेलं. पेन्सिलीचं सगळं राहिलं. जुन्या पोथ्या बघायला जायचे तिथं आप्पांना पेन काढू देत नसत, ती सवय घरीही टिकली.

त्यांचा विषय ज्ञानेश्वरीचे पाठभेद. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली. निरनिराळ्या प्रतींत एकेक शब्द कसा सरकत गेला, हे आप्पा चाळीस वर्षं टिपत राहिले. एवढ्यात पुस्तक झालं एकच, तेही पातळ. ‘अजून चार प्रती बघायच्यात’ हे पालुपद. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो थोडा.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. वेण्या आप्पाच घालायचे, एक वर, एक खाली. दातात रिबीन धरून ओव्या म्हणायचे, त्यामुळे माझे कितीतरी शब्द चुकीचे पाठ झाले. ‘पाठभेद असेच होतात’ म्हणायचे वर.

चौथ्या दिवशी तुम्ही फोन केलात. ‘ताई, ह्या कार्डाची सुलटी बाजू कुठली?’

एका बाजूला अध्याय, ओवी, तीन प्रतींतले तीन शब्द. दुसऱ्या बाजूला ‘दूध बाकी’, ‘सहलीचे 60 रु. उद्या’, ‘रिबीन तांबडी नको म्हणते’. मला काही सांगता येईना. पाठीमागून कागद डकवला असता तर काम त्याच आठवड्यात उरकलं असतं. तुम्ही खळीची वाटी बाजूला सारलीत आणि कार्डागणिक पारदर्शक पाकीट शिवायला घेतलंत.

एकनाथांनी बजावून ठेवलंय, या ग्रंथात पदरची ओवी घालणाऱ्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजावं. मी कागदांत लुडबूड केली की आप्पा म्हणायचे, ‘आली नरोटी!’ मला वाटायचं, ते रागावतात. तुमच्या एका पाकिटात अठराव्या अध्यायाचं कार्ड आहे. मागे पेन्सिलीनं लिहिलंय: ‘नरोटीला ताप 101. रात्री 2 ला उतरला. आज काम नाही.’

चाचा, त्यांच्या रोजच्या ज्ञानेश्वरीची पाठ सुटलीय. रविवारी घेऊन येते. या वेळी पैसे घ्यायचे, नाहीतर दुसऱ्या बाइंडरकडे जाईन.

तुमची,
गावभागातली ताई