बिस्किटाच्या पुड्यावर पूर्ण किंमत छापता येते, मग घरावर का नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी तुमचा पेपर उघडला तर नेहमीसारखंच पहिल्या पानाच्या जागी बिल्डरची चार पानी जाहिरात. हिरवीगार झाडं, स्विमिंग पूल, हसणारं जोडपं, त्यांचा कुत्रा, आणि मधोमध ठळक अक्षरात 'फक्त 89.99 लाखांपासून'. त्या 'पासून'च्या डोक्यावर एक बारीकसा तारा. खाली कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, अटी लागू. आणि आतल्या पानावर तुमचा अग्रलेख, मुंबईतून मराठी माणूस हद्दपार होतोय म्हणून. अग्रलेख चांगला होता, चहा पिताना मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणाला अगं, कशामुळे होतोय ते वरच गुंडाळून पाठवलंय की त्यांनी. हसलो दोघं. पण मग म्हटलं हे तुम्हाला लिहायलाच पाहिजे.

आम्ही भांडुपला भाड्याने राहतो. मी अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, नवरा विक्रोळीला नोकरी करतो. चौदा महिने झाले घर शोधतोय, शनिवार-रविवार आला की साइट व्हिजिट, लोकांना नाटक-सिनेमा असतो तसं आमचं. तुमच्याच पेपरातल्या अशाच एका जाहिरातीवरून फेब्रुवारीत इथल्याच एका साइटवर गेलो होतो, आकडाही तोच, 89.99. बिल्डरचं नाव लिहीत नाही कारण एकाचं लिहिलं तर बाकीचे चांगले आहेत असं वाटेल.

एसी ऑफिस, वेलकम ड्रिंक, प्रोजेक्टचं काचेखालचं मॉडेल. सेल्सचा मुलगा पूर्ण वेळ नवऱ्याशीच बोलत होता, सर हे बघा सर ते बघा, माझ्याकडे वळला तो एकदाच, "मॅडमना किचन दाखवा." मी म्हटलं किचन राहू दे, आधी कॉस्ट शीट दाखवा. ती काही लगेच मिळत नाही बरं का, आधी सॅम्पल फ्लॅट बघावा लागतो.

सॅम्पल फ्लॅट ही काय चीज असते ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. आत एकाही खोलीला दार नाही. बेडरूम आणि हॉलच्या मधे भिंतीऐवजी काच, समोर भिंतभर आरसा, त्यामुळे सगळं ऐसपैस दिसतं. फ्रीज नाही, वॉशिंग मशीन नाही, कपाट आहे पण जेमतेम वीतभर खोल. नवरा पाच फूट दहा इंच. मी म्हटलं बेडवर आडवा हो बघू, सेल्सवाला नको सर नको सर म्हणेपर्यंत हा झोपला आणि याचे पाय घोट्यापर्यंत बाहेर. मी पर्समधून टेप काढली (आता कायम असते), बेड साडेपाच फुटाचा निघाला. म्हणजे बेडच बनवून घेतलेला, खोली मोठी वाटावी म्हणून. सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी सगळं घर फिरून एकच प्रश्न विचारला, कपडे कुठे वाळत घालायचे? त्यावर तो मुलगा म्हणाला आँटी आजकाल ड्रायर येतो.

ब्रोशरमध्ये 'युजेबल एरिया' म्हणून 462 फूट लिहिलेलं. खोदून विचारल्यावर कळलं की त्यात बाल्कनी धरलीय. रेरा म्हणजे बिल्डरांना नियम घालणारा कायदा, त्यात बाल्कनी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या जागेत, धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या नाही. तसं मोजलं तर कार्पेट 410. म्हणजे वन बीएचके.

मग आली कॉस्ट शीट. मी दिवसभर आकड्यांतच असते पण एवढा मोठा कागद मीसुद्धा क्वचित बघितलाय. 89.99 लाख हा दर चौथ्या मजल्यापर्यंतचा. चौथ्यापर्यंतचे फ्लॅट 'संपले'. आम्हाला चौदावा, तर दर मजल्याला फुटामागे 60 रुपये फ्लोअर राइज, दहा मजल्यांचे झाले 2 लाख 46 हजार. पार्किंग घ्यावंच लागेल, 7 लाख. आमच्याकडे गाडी नाही, एक स्कूटर आहे. म्हटलं नको पार्किंग, तर म्हणे पॉलिसी आहे मॅडम. झाले 99 लाख 45 हजार. त्यावर 5 टक्के जीएसटी, 4 लाख 97 हजार. मुंबईत स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा एक टक्का धरून 6 टक्के, 5 लाख 97 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. मग सोसायटी बनवायचे पैसे, वकिलाचे पैसे, क्लब हाऊस, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, हे सगळं मिळून 5 लाख 40 हजार. टोटल मारली, 1 कोटी 16 लाख 9 हजार. जाहिरातीतल्या आकड्यावर सव्वीस लाख! आमच्या आईबाबांच्या डोंबिवलीच्या चाळीत सव्वीस लाख म्हटलं तर अजून लोक उठून बसतात.

आणि मजा म्हणजे सरकारच्या हिशोबात परवडणारं घर असेल तर जीएसटी 1 टक्काच आहे. अट काय, तर मोठ्या शहरात 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि किंमत 45 लाखांपर्यंत. आमचं ते 410 फूट म्हणजे 38 मीटर, त्या अटीत दोन माणसं अजून मावतील. किंमतीच्या अटीत मात्र अर्धंच घर बसतं. 45 लाखांत भांडुपला काय मिळतं हे दिल्लीत बसून ठरवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं, चहा मी पाजते.

बँकेचं अजून वेगळंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 75 लाखांच्या वर लोन गेलं की किंमतीच्या 75 टक्केच देता येतात, आणि स्टॅम्प ड्युटी रजिस्ट्रेशन त्या किंमतीत धरतच नाहीत. म्हणजे त्या 99 लाख 45 हजारांवर आमचं लोन फार तर 75 लाख, हप्ता साडेआठ टक्क्याने वीस वर्षं साधारण 65 हजार, तो एक वेळ दोघांच्या पगारात दात-ओठ खाऊन भरू. पण वरचे 41 लाख रोख कुठून आणायचे? जाहिरात वाचून आम्ही धरून चाललो होतो की आपल्याला पंधरा-सोळा लाख उभे करायचेत. त्या हिशोबाने माझं सोनं, त्याचा पीएफ आणि बाबांनी देऊ केलेले चार लाख असं जुळवलं होतं. ताऱ्याने घात केला तो इथे. घर महाग आहे हे माहितीच होतं हो, मुंबईत जन्म गेला, पण किती महाग ते तरी आधी खरं सांगा ना.

मधे एक आयडिया निघाली की घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं, बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, जवळजवळ लाखभर वाचतात. पण मग नवरा हप्ता भरणार आणि मालक नाही म्हणून त्याला इन्कम टॅक्समध्ये होम लोनचं काही दाखवता येणार नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त शेंगा सोलायचा स्पीड वाढला. तो विषय तिथेच संपला.

त्या सेल्सच्या मुलाने सांगितलं होतं दोनच फ्लॅट शिल्लक आहेत सर, आज 51 हजार टोकन टाका आणि पंधरा दिवसांत 20 टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट नंतर निवांत करू. मला माहिती होतं की अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम 13. मी ते बोलले तर म्हणतो कसा, मॅडम सगळे घेतात. घरी आल्यावर जाहिरातीतला क्यूआर स्कॅन केला (2023 च्या ऑगस्टपासून तो छापणं सक्तीचं आहे, फार चांगली गोष्ट झाली), महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर अर्ध्याच्या वर फ्लॅट बुक न झालेले दिसले. ब्रोशरवर पझेशन डिसेंबर 2026, साइटवर बिल्डरने स्वतः दिलेली तारीख 2029. आपल्याला डिसेंबर सांगायचा आणि सरकारला तीन वर्षं पुढचं, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर तो उशीर नाहीच. एक क्यूआर छापायला लावला तर एवढं बाहेर आलं.

रिसेलही बघितले, नाही असं नाही. मुलुंडला एक घर खूप आवडलं होतं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण खिडकीतून आंब्याचं झाड. मालक म्हणाले चाळीस टक्के कॅश. आम्ही पगारदार माणसं, कॅश कुठली, आणि बँक तर कागदावरच्या किंमतीवरच लोन देणार. आणखी एका ठिकाणी एजंटने खालीच थांबवून विचारलं, मच्छी खाता का. खातो म्हटल्यावर वर नेलंच नाही. म्हाडाचा फॉर्म दोनदा भरला. दोघांचा पगार एकत्र धरला की वर्षाला 12 लाखांच्या वर जातो आणि आम्ही थेट उच्च उत्पन्न गटात. डब्यात चपाती-भाजी नेणारे, सेकंड क्लासच्या पासवाले उच्च उत्पन्न गट! त्या गटातल्या घरांच्या किंमती बघून नंबर लागला नाही याचा थोडा आनंदच झाला.

आता मुद्द्याचं. दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतला तर त्यावर कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित, असं छापलेलं असतं. वजनमापाच्या कायद्याने ते छापावंच लागतं. किराणावाला आपल्याला म्हणत नाही की पुडा दहाचा, पण कागद वेगळा, क्रीमचा फ्लोअर राइज वेगळा आणि जीएसटी तुमचा तुम्ही बघा. मग माणूस आयुष्यात एकदाच घेतो त्या वस्तूवर तारा कशाला? बिल्डर म्हणतील स्टॅम्प ड्युटी सरकार घेतं, आम्ही थोडीच घेतो. अहो, बिस्किटावरचा कर पण सरकारच घेतं. आणि फ्लोअर राइज, क्लब हाऊस, सक्तीचं पार्किंग हे कुठल्या सरकारने लावलंय?

कायदा व्हायचा तेव्हा होईल. माझं म्हणणं तुमच्याशी आहे. जाहिरातींवर पेपर चालतो हे मला कळतं, एवढ्या कमी पैशात पेपर रोज दारात येतो तो त्यामुळेच, जाहिरात घेऊच नका असं म्हणण्याइतकी मी बावळट नाही. पण छापणारे तुम्ही आहात. तुम्ही उद्या बिल्डरला सांगितलंत की बाबा रे, आमच्या पेपरात जाहिरात टाकायची तर ज्या फ्लॅटची किंमत लिहितोयस तो फ्लॅट शिल्लक असला पाहिजे, आकडा सगळं धरून किल्ली हातात पडेपर्यंतचा पाहिजे, त्याच्याच शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात बाल्कनी सोडून कार्पेट आणि रेराला दिलेली तारीख पाहिजे, तर काय तो जाहिरात द्यायचा थांबेल? घरं विकायची आहेत त्याला, आणि ती घेणारे शनिवारी सकाळी तुमचाच पेपर वाचतात. नाहीच जमलं तर निदान तो तारा आणि त्याखालच्या अटी किंमतीच्या आकड्याएवढ्या मोठ्या छापा. चार पानं घेतातच ना, पाचवं घेतील.

आमचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय, घरमालकाने पाच हजार वाढवून मागितलेत, त्यामुळे बहुतेक हेही घर सोडावं लागेल. पेपरवाला काल बिल घेऊन आला तेव्हा विचारत होता, ताई पुढच्या महिन्यापासून पेपर कुठल्या पत्त्यावर टाकू? मी म्हटलं सांगते.

आपली नेहमीची वाचक,
एक भाडेकरू, भांडुप (पूर्व)

(नाव कृपया छापू नये, घरमालकही तुमचाच पेपर वाचतात.)