घोंगडीची वीण परत आणून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
कृ. सा. न. वि. वि.

परवा बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी काढलेली बारा छायाचित्रे आम्ही घरात मांडली होती. दिवे घाट चढणाऱ्या दिंडीतल्या वृद्ध वारकऱ्यापाशी आई थांबली, त्याच्या खांद्यावरच्या काळ्या घोंगडीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हिची तर वीण दिसते गं." ती वीण १९७८ सालच्या त्या निगेटिव्हमध्ये होती आणि बाबांनी डार्करूममध्ये काढलेल्या जुन्या प्रिंटमध्येही होती. ती पुन्हा कागदावर उतरली ती तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी हे प्रिंट छापून घ्यायला तीन ठिकाणी पैसे मोजले होते आणि तिन्ही ठिकाणी घोंगडीचा नुसता काळा डाग हाती आला होता. एकांनी ब्राइटनेस वाढवून दिला, तर वारकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्यांनी माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे छटा अचूक दाखवेल असा जुळवलेला, नसेल असे सुनावले, जो मी केलेला होता. तिसऱ्यांनी विचारले, "मॅडम, एवढे बारीक कोण बघतो?" ते ऐकून मी रडत घरी आले होते, कारण एवढे बारीक पाहणारा माणूस नुकताच आमच्या घरातून गेला होता.

तुम्ही पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या २१ चौकोनांची पट्टी छापलीत, आणि शाई पुरती वाळल्याशिवाय मोजणार नाही म्हणून मला दुसऱ्या दिवशी बोलावलेत. त्या सकाळी उजळपणा मोजायचे यंत्र टेबलावरच होते, पण तुम्ही आधी ते उचलले नाही. काळ्या पुठ्ठ्यात दोन चौकोन मावतील एवढा झरोका कापलात, मला खिडकीच्या उजेडात बसवलेत, हातात पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "दोघांमधली सीमा दिसेनाशी होईल तिथे खूण कर." मी झरोका हळूहळू सरकवत नेला आणि अठराव्या चौकोनावर खूण केली. मग तुम्ही यंत्र लावलेत. कोरा कागद ९६ आणि सर्वांत काळा भाग १६, म्हणजे दर चौकोनाला उजळपणा चाराने उतरायला हवा होता. अठरावा २८ च्या जवळ असायचा, तो १७ वर जाऊन बसला होता, आणि एकविसावा तर विसाव्यापेक्षा किंचित उजळ निघाला. आकडे पाहून तुम्ही एवढेच म्हणालात, "तुझे डोळे बरोबर होते."

काका, दोन महिन्यांत मला हे वाक्य कोणीच ऐकवले नव्हते.

दोष शाईच्या अतिरेकाचा होता. कागद पेलू शकेल त्याहून जास्त शाई गडद छटांत ओतली जात होती आणि त्या सगळ्या एकमेकींत मिसळत होत्या. तुम्ही शाईची मर्यादा खाली आणलीत, क्वाडटोन रिप या प्रिंटरची शाई ताब्यात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या छटेला किती शाई हे ठरवणारी नवी वक्ररेषा बसवलीत, आणि पुन्हा पट्टी, पुन्हा एक रात्र, असे तीनदा केलेत. तेव्हाच तुम्ही हेही स्पष्ट सांगितलेत की या मॅट कागदाचा काळा बाबांच्या चकचकीत डार्करूम प्रिंटइतका खोल कधीच होणार नाही. आहे तेवढ्या जागेत प्रत्येक छटेला तिचे अंतर मिळवून देणे, एवढेच आपल्या हातात आहे. जे होणार नाही ते आधीच सांगणारा आणि समोरच्याला काही दिसते आहे यावर विश्वास ठेवणारा माणूस भेटला की किती ओझे उतरते, हे त्या तीन दुकानांच्या पायऱ्या उतरलेल्या माणसालाच कळेल. तुम्ही पैसेही फक्त बारा प्रिंटचेच घेतलेत. पट्ट्यांचे विचारले, तर विषय बदललात.

माझ्या पेन्सिलीची खूण असलेली ती पहिली पट्टी मी बाबांच्या निगेटिव्हच्या डब्यात ठेवली आहे. तिच्या मागे तुमच्या अक्षरात एकवीस आकडे आहेत आणि अठराव्याखाली तुम्ही ओढलेली रेघ आहे. आईला तुम्हाला भेटायचे आहे. येत्या रविवारी घरी जेवायलाच यावे, ही आग्रहाची विनंती. घोंगडीचा प्रिंट दिवाणखान्यात उत्तरेच्या खिडकीसमोर लावला आहे, सकाळी लवकर आलात तर तिथला उजेड चांगला असतो.

आपली,
एका छायाचित्रकाराची मुलगी